गावात एसटी येते, पण कितीला?

पुणे जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्याची माहिती शोधली की ठरलेल्या साच्यातला मजकूर समोर येतो. क्षेत्रफळ इतके हेक्टर. २०११ च्या जनगणनेनुसार कुटुंबं इतकी, लोकसंख्या इतकी, त्यात पुरुष इतके नि स्त्रिया इतक्या. जवळचं शहर अमुक किलोमीटरवर. गावात शासकीय बससेवा उपलब्ध आहे. सर्वांत जवळचं रेल्वे स्टेशन १० किलोमीटरहून अधिक अंतरावर आहे. वाचून होतं आणि गाव कळलं असं वाटतं.

त्याच गावात मुलगी द्यायची म्हणून चौकशीला आलेले पाहुणे यातलं एकही विचारत नाहीत. फाट्यापासून घर किती आत आहे? शेवटची गाडी कितीला? पावसात ओढ्याला पाणी आलं की किती दिवस अडकायला होतं? प्रश्न लोकवस्तीचे आणि दळणवळणाचेच आहेत, पण सरकारी तक्त्यात त्यांची उत्तरं सापडत नाहीत. तक्ता वेगळ्या कामासाठी केलेला असतो. तो कसा भरला जातो हे कळलं, तर मात्र त्यातूनही बरंच काही काढता येतं.

तक्ता येतो जनगणनेतून. माणसं मोजतात तेव्हा प्रत्येक गावातल्या सोयींची यादीही भरली जाते: शाळा, दवाखाना, पाणी, वीज, पोस्ट, बँक, बस, रस्ते. ती जिल्हा जनगणना पुस्तिकेत छापली जाते आणि कुणालाही फुकट वाचायला मिळते. २०११ च्या यादीत वाहतुकीखाली सरकारी बस, खासगी बस, रेल्वे स्टेशन, रिक्षा, टॅक्सी, ट्रॅक्टर, बैलगाडी, होडी असे रकाने होते. रस्त्यांमध्ये राष्ट्रीय महामार्गापासून थेट पायवाटेपर्यंत. उत्तरं दोनच, आहे किंवा नाही. ‘नाही’ असेल तर ती सोय किती लांब, यासाठी तीन कप्पे: ५ किलोमीटरच्या आत, ५ ते १०, आणि १० च्या पुढे. बस दिवसातून कितीदा येते, कुठे थांबते, पावसाळ्यात येते का, यासाठी रकानाच नाही.

आता त्यातला ‘गाव’ म्हणजे काय ते आधी पाहू, कारण निम्मा घोळ तिथेच आहे. जनगणनेचं गाव म्हणजे महसुली गाव. ज्याची शीव मोजलेली आहे, ज्याचा नकाशा नि सातबारे तलाठ्याकडे असतात ते. आपण बोलताना गाव म्हणतो ते बहुतेक वेळा गावठाण. भोर, वेल्हे, मुळशी, मावळ या पट्ट्यात, तसंच खेड, आंबेगाव, जुन्नरच्या पश्चिम भागात या दोन्हींत फार अंतर पडतं. गावठाण नदीकाठी किंवा रस्त्यालगत, आणि त्याच गावाच्या वाड्या डोंगराच्या सोंडांवर विखुरलेल्या. एक वाडी ओढ्यापलीकडे, एक खिंडीच्या वर, धनगरवस्ती अगदी कड्याखाली. तक्त्यात या सगळ्यांची मिळून एकच ओळ असते, वाडीवार आकडे त्यात नसतात. ग्रामपंचायत हा आणखी तिसराच हिशेब. दोन-तीन महसुली गावांची मिळून एक गट ग्रामपंचायत असू शकते, म्हणून सरपंचांनी सांगितलेली लोकसंख्या आणि तक्त्यातली लोकसंख्या जुळत नाही, आणि दोन्ही खऱ्या असतात. शिवाय खुर्द नि बुद्रुक ही दोन स्वतंत्र गावं. शोधताना भलतीच ओळ उचलली जाते.

एक कल्पित गाव घेऊ. लोकसंख्या १,१००. पैकी ५०० जण गावठाणात, बाकी ६०० जण दीड-दीडशेच्या चार वाड्यांत. एसटी गावठाणातल्या मारुतीच्या पारापर्यंत येते. तक्ता म्हणतो, बस आहे. म्हणजे कागदावर सगळ्या १,१०० जणांना बस मिळाली. आता असं धरू की दोन वाड्या पारापासून दोन किलोमीटरच्या आत आहेत आणि दोन त्याहून लांब. जागतिक बँकेनं २००६ मध्ये ग्रामीण पोहोच मोजण्यासाठी एक साधा गज सुचवला होता: खेड्यातल्या किती टक्के माणसांना बारमाही रस्ता २ किलोमीटरच्या आत आहे ते मोजायचं. तोच गज आपण बसथांब्याला लावला तर आपल्या गावात १,१०० पैकी ८०० जण आत येतात, ७३ टक्के. उरलेले ३०० जण तक्त्यात दिसतच नव्हते. गाव मोजण्याऐवजी माणसं मोजली की एवढा फरक पडतो.

आंबेगाव तालुक्यातल्या माळीणची गोष्ट याच पट्ट्यातली. ३० जुलै २०१४ ला सकाळी डोंगराचा कडा खाली आला आणि गावठाण गाडलं गेलं. दीडशेच्या आसपास माणसं गेली. त्याच माळीणच्या दूरच्या वाड्या मात्र वाचल्या. महसुली दफ्तरात गाव एक, प्रत्यक्षात एक भाग नाहीसा नि दुसरा शाबूत. आणि बाहेरच्या जगाला हे कळलं ते नेहमीची एसटी घेऊन आलेल्या चालकामुळे. रोजच्या रस्त्यावर रोजचं गाव दिसेना, तेव्हा त्यानं खबर दिली. बस म्हणजे नुसती जाण्यायेण्याची सोय, असं आपण धरून चालतो. आडगावात ती दिवसातून एक-दोनदा गावाकडे बघून जाणारी बाहेरची एकमेव नजरही असते.

पुन्हा कप्प्यांकडे. ‘५ किलोमीटरच्या आत’ या कप्प्यात हमरस्त्याला चिकटलेलं गाव बसतं आणि फाट्यापासून साडेचार किलोमीटर आत असलेलंही. फाटा ही आपल्याकडची मोठी संस्था आहे. मोठी गाडी हमरस्त्यानं निघून जाते, फाट्यावर माणसं उतरवते, पुढे ज्याचं त्यानं बघायचं. चहाची टपरी, पत्र्याची शेड, एखादी उभी असलेली जीप किंवा टमटम, आणि दहावा माणूस येईपर्यंत न हलणारा ड्रायव्हर. साडेचार किलोमीटर सपाटीवर चालायला एक तास. चढ असेल तर हिशेब बदलतो. डोंगर चालणाऱ्यांचा ढोबळ नियम असा, की दर १०० मीटर चढाईला आणखी १० मिनिटं धरायची. वाडी फाट्याहून ३०० मीटर उंच असेल तर तासाचा दीड तास झाला. खाली जाताना दुधाची किटली, वर येताना किराण्याची पिशवी आणि काखेत मूल, हे त्यात धरलेलं नाही.

धरणांच्या काठी तर किलोमीटर या शब्दावरच विश्वास ठेवता येत नाही. पानशेत, वरसगाव, मुळशी, भाटघर, डिंभे, कुठल्याही जलाशयाच्या काठावर उभं राहा. समोरच्या तीरावरचं गाव नजरेच्या टप्प्यात असतं, शाळेची घंटा ऐकू येईल इतकं. रस्त्यानं जायचं तर पाण्याच्या प्रत्येक फाट्याला वळसा घालत जावं लागतं. मोबाइलच्या नकाशात सरळ रेषेत मोजलेलं अंतर इथे काही कामाचं नाही. जुने रस्ते पाण्याखाली गेले, गावं वर सरकली, आणि शेजारची गावं एकमेकांपासून दूर झाली.

मला विचाराल तर अंतरापेक्षाही वेळापत्रक जास्त बोलकं असतं. समजा एका गावाला रोज एक बस आहे. ती सकाळी ११ ला येते आणि सव्वाअकराला परत फिरते. तालुक्याला पोहोचायला तास-सव्वा तास. म्हणजे साडेबारा. सकाळचं कॉलेज संपत आलेलं. सरकारी दवाखान्याची सकाळची ओपीडी उरकलेली. तहसील कार्यालय पावणेदहाला उघडलेलं असतं, पण दाखल्याचं काम एका खेपेत होत नाही, आणि परतीची बस? ती दुसऱ्या दिवशी ११ ला येणारीच. अशा गावातला माणूस या बसनं तालुक्याला जाऊ शकतो, त्याच दिवशी घरी येऊ शकत नाही. तक्त्यात नोंद तीच राहते: बस आहे.

आता हीच एक गाडी मुक्कामी करा. संध्याकाळी तालुक्याहून निघते, रात्री गावात थांबते, पहाटे सहाला परत निघते. चालक-वाहक देवळात नाहीतर पंचायतीच्या खोलीत झोपतात, कुणीतरी त्यांना भाकरी आणून देतं. पहाटे कॉलेजची पोरं, दुधाच्या किटल्या, भाजीच्या पाट्या, कोर्टाची तारीख असलेला एखादा म्हातारा, दवाखान्यात निघालेली बाई आणि तिची सासू, सगळे एकाच गाडीत. तालुक्याच्या गावी शिकायला राहिलेल्या मुलाचा डबाही वाहकाच्या हवाली. दिवसभराची कामं करून संध्याकाळी हेच लोक त्याच गाडीनं परत. डिझेल जवळपास तेवढंच, फेरीही एकच, पण पहिल्या गाडीनं कुणाचा दिवस साधत नाही आणि दुसरीनं अख्ख्या गावाचा साधतो. म्हणून मुक्कामी गाडी बंद झाली की गावकरी रस्त्यावर येतात, आणि दुपारची फेरी बंद झाली तर कुणी हूं की चूं करत नाही.

मग एसटी मुक्कामी गाड्या बंद का करते? महामंडळाच्या बाजूनंही बघायला हवं. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर ही पहिली एसटी धावली, आणि पुढच्या काळात ‘गाव तिथे एसटी’ हे नुसतं घोषवाक्य राहिलं नाही, बऱ्याच अंशी खरं झालं. पण महामंडळाला खर्च भागवायचा असतो, आणि आगारात प्रत्येक फेरीचं मोजमाप होतं ते भारमानावर. गाडीच्या क्षमतेच्या मानानं किती टक्के प्रवासी मिळाले, ते भारमान. मुक्कामी गाडी पहाटे तालुक्याला जाताना भरलेली असते. संध्याकाळी गावाकडे येताना शेवटच्या टप्प्यात आठ-दहा माणसं उरतात. (एसटीचा टप्पा ६ किलोमीटरचा, तिकीट त्याच हिशेबानं लागतं.) घाटातला शेवटचा टप्पा सर्वांत खर्चिक आणि सर्वांत रिकामा. गाड्या कमी पडल्या की आगार व्यवस्थापक आधी कुठे हात घालणार, हे सांगायला नको. शिवाय रात्रभर गावात उभी राहिलेली गाडी दुसऱ्या फेरीला वापरता येत नाही, आणि कर्मचाऱ्यांच्या मुक्कामाची सोयही धड नसते.

यात वडाप, म्हणजे खासगी जीपमधून चालणारी प्रवासी वाहतूक, भर घालतं. एसटी येण्याआधी पाच मिनिटं जीप फाट्यावरची माणसं उचलते, एसटी रिकामी जाते, भारमान पडतं, फेरी बंद होते. मग जीपवाला पूर्ण भरल्याशिवाय निघत नाही आणि रात्री आठनंतर तर नाहीच. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. २०२१ च्या दिवाळीच्या तोंडावर एसटीचा संप सुरू झाला आणि २०२२ च्या एप्रिलपर्यंत रेंगाळला, तेव्हा खेड्यापाड्यांत याच जीपा होत्या म्हणून माणसं हलली. पण संपात तुटलेली सवय परत जोडणं अवघड गेलं. तोवर ज्याला जमलं त्यानं हप्त्यावर दुचाकी घेतली होती. दुचाकी आली की घरातल्या कर्त्या पुरुषाचा प्रश्न सुटतो. म्हातारी माणसं, शाळकरी मुली, गाडी न चालवणाऱ्या बाया एसटीवरच राहतात, आणि त्यांच्या एसटीचं भारमान आणखी घसरतं. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आणि त्याआधी ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांपुढच्यांना मोफत प्रवास मिळू लागला. सवलतीची रक्कम सरकार महामंडळाला देतं. बाजाराच्या दिवशी गाड्यांत गर्दी होऊ लागली ती यामुळेही. जिथे गाडीच जात नाही तिथे मात्र सवलतीला काही अर्थ नाही.

आणि गाडी जायला आधी रस्ता लागतो. लोकसंख्या नि दळणवळण यांची खरी गाठ इथे पडते. २५ डिसेंबर २००० ला सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेचा पाया म्हणजे लोकसंख्येची एक रेघ: सपाटीवर ५०० किंवा त्याहून जास्त वस्ती असेल आणि बारमाही रस्ता नसेल, तर रस्ता मिळणार. डोंगरी राज्यं, वाळवंटी प्रदेश आणि अनुसूचित आदिवासी क्षेत्र यांच्यासाठी ही रेघ २५० वर. या योजनेची एक गोष्ट चांगली, ती महसुली गाव न धरता वस्ती धरते. म्हणजे आपल्या कल्पित गावातल्या वाड्या इथे निदान वेगळ्या मोजल्या जातात. पण आता पुणे जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या. जुन्नर आणि आंबेगावचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, तिथे २५० ची रेघ. भोर आणि वेल्ह्यात डोंगर तोच, पाऊस तोच, उलट काही ठिकाणी वाट जास्तच अवघड. पण महाराष्ट्र ‘डोंगरी राज्य’ नाही आणि हे तालुके अनुसूचित क्षेत्रात नाहीत, म्हणून मूळ नियमात त्यांना सपाटीचीच रेघ. दीडशेची वाडी कुठल्याच रेघेला पोचत नाही. शेजारच्या वस्त्या एकत्र धरायची मुभा आहे, सपाटीवर ५०० मीटरच्या आतल्या, आणि दोन वाड्यांमध्ये दरी असली की तीही उपयोगी पडत नाही. राज्यानं २०१५ मध्ये मुख्यमंत्री ग्राम सडक योजना आणली ती यातली काही भोकं बुजवायला.

दुसरी अट कमी लोकांना ठाऊक असते. या योजनेत वस्तीला एक बारमाही जोड मिळाली की काम झालं असं धरतात. रस्ता पूर्वेकडून आला आणि गावाचा बाजार, दवाखाना, हायस्कूल पश्चिमेला खिंडीपलीकडे असलं तरी वस्ती ‘जोडलेली’ ठरते. खिंडीतली जुनी वाट तशीच राहते.

आणि बारमाही म्हणजे डांबरीच असं नाही. वर्षभर वाहन जाऊ शकेल असा, मोऱ्या नि लहान पूल असलेला रस्ता. याउलट चकाचक डांबरी रस्ता एका फरशी पुलापाशी तुटला तर तो बारमाही नव्हे. मावळपट्ट्यात रस्त्याची परीक्षा जुलैत असते. फरशीवरून पाणी वाहू लागलं की एसटी अलीकडच्या गावातूनच परत फिरते, आणि आजारी माणसाला झोळीत घालून ओढा पार करावा लागतो. पाच-सहा मीटरचा साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, बांधला तरी एखाद्या वाडीचे दोन महिने सुटतात. म्हणून रस्ता किती किलोमीटर झाला यापेक्षा मोऱ्या किती झाल्या हे विचारणं शहाणपणाचं. त्यातही रस्ता कुणाचा, हे आधी माहीत हवं: राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्राममार्ग जिल्हा परिषदेकडे. चुकीच्या कचेरीत दिलेला अर्ज वर्षभर पडून राहतो.

रस्ता लोकसंख्येवर ठरतो हे झालं. उलटही तितकंच खरं आहे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत पुणे जिल्हा सुमारे ७२ लाखांवरून ९४ लाखांवर गेला, ३० टक्क्यांनी वाढला. त्याच काळात वेल्हे तालुका, ज्याला आता राजगड नाव दिलं आहे, साडेचोपन्न हजारांवर आला, म्हणजे हजारभरानं घटला. स्वारगेटहून साठेक किलोमीटरवर, राजगड आणि तोरण्याच्या पायथ्याशी, शनिवारी-रविवारी गाड्यांची रांग लागते त्या तालुक्याची ही स्थिती. माणसं गेली कुठे? बरीचशी पुण्यात धायरी, सिंहगड रस्ता, कात्रज या बाजूला, आणि मुंबईला. हायस्कूलला जायला गाडी नाही म्हणून मुलं मामाकडे ठेवायची, मग त्यांच्यामागे आई, मग घराला कुलूप. वाडी दोनशेवरून एकशेचाळीसवर येते, आणि पुढच्या योजनेच्या रेघेपासून आणखी खाली जाते.

या गळतीच्या खुणा तक्त्यातच असतात, फक्त वाचता आल्या पाहिजेत. ० ते ६ वयाची मुलं वेगळी मोजलेली असतात. एकूण लोकसंख्येत ती फारच कमी असतील तर तरुण जोडपी गावात राहत नाहीत. पुरुषांपेक्षा बायका स्पष्ट जास्त दिसल्या तर पुरुष कामाला बाहेर आहेत. (जिल्ह्याचं लिंग-गुणोत्तर २०११ मध्ये हजाराला ९१५ होतं, एखाद्या डोंगरी गावात ते हजाराच्या वर दिसलं तर ती प्रगती समजू नये.) उलट औद्योगिक पट्ट्यातल्या गावात पुरुष फार जास्त दिसले तर तिथे भाड्याच्या खोल्यांत राहणारे कामगार आहेत.

मोजणीचा महिनाही बघायचा. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीत झाली. जे त्या सगळ्या काळात घराबाहेर होते ते जिथे सापडले तिथे मोजले गेले. फेब्रुवारीत ऊसतोड चालू असते, वीटभट्ट्या पेटलेल्या असतात. भोर, वेल्हे, मुळशीतल्या कातकरी वाड्यांमधली कुटुंबंच्या कुटुंबं तेव्हा भट्टीवर असतात. पावसाळ्यात जी वाडी भरलेली असते, आणि नेमका पावसाळ्यातच जिला रस्ता लागतो, ती मोजणीच्या वेळी अर्धी रिकामी. कातकरी समाज विशेष असुरक्षित आदिवासी गटात येतो, आणि २०२३ च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत अशा वस्त्यांसाठी रस्त्याची रेघ १०० वर आणली आहे. पण वाडीत शंभर माणसं आहेत हे कुठल्या कागदानं दाखवायचं, हा प्रश्न उरतोच.

शहराच्या कडेला सगळं उलटं. वाघोली २०२१ मध्ये महापालिकेत आली, तोवर ती शहराएवढ्या वस्तीची ग्रामपंचायत होती. हिंजवडीत रोज लाखो लोक कामाला येतात, पण २०२५ मध्येही तिथे ग्रामपंचायतच होती. अशा ठिकाणी २०११ चा आकडा वाचणं म्हणजे मुलाच्या बारशाच्या फोटोवरून त्याच्या शर्टाचं माप घेणं. तिथे बस आहे का, हा प्रश्न नसतो. बस कोंडीतून हलते का, हा असतो.

२०२१ ची जनगणना झालीच नाही. आता १ मार्च २०२७ हा संदर्भदिन ठरला आहे, म्हणजे मधे सोळा वर्षं गेली. २०२४ मध्ये मंजूर झालेला ग्राम सडक योजनेचा चौथा टप्पा नव्या आकड्यांची वाट बघत थांबला नाही. त्यात २०११ चीच लोकसंख्या धरलेली आहे. एक गैरसमज मात्र आत्ताच दूर केलेला बरा. रेशनकार्ड, मतदारयादी, सातबारा गावात आहे म्हणून जनगणनेत नाव गावात लागत नाही. माणूस नेहमी राहतो तिथे मोजला जातो. धायरीत भाड्यानं राहून गणपतीला गावी जाणारा धायरीत मोजला जाईल, कितीही जीव गावात अडकलेला असला तरी.

एवढं कळल्यावर, गावात नीट वेळेला गाडी हवी असेल तर काय करायचं? ग्रामसभेचा ठराव घेऊन आगार व्यवस्थापकांकडे जायचं, हे सगळे करतात. ठरावात ‘आमच्या गावाला बस नाही, तरी ती सुरू करावी’ एवढंच असतं, आणि तक्त्यात बस ‘आहे’ असते. त्यापेक्षा वाडीवार माणसांची संख्या लिहावी, प्रत्येक वाडीपासून थांब्याचं चालण्याचं अंतर मिनिटांत लिहावं. हायस्कूल-कॉलेजला जाणारी मुलं किती, त्यांची शाळा कितीला भरते नि सुटते, हे नावानिशी जोडावं. विद्यार्थ्यांच्या सवलतीच्या पासात तिकिटाचा एक तृतीयांश भाग घरचे भरतात, उरलेला सरकार देतं; खेड्यातल्या बारावीपर्यंतच्या मुलींना तर पास मोफतच असतो. म्हणजे तीस मुलांची यादी हे आगाराच्या दृष्टीनं रोजचं ठरलेलं भारमान. बाजाराचा वार लिहावा. नवीन फेरीआधी महामंडळ मार्गाची पाहणी करतं, तेव्हा रुंदी, वळणं, विजेच्या लोंबत्या तारा आणि शेवटच्या थांब्यावर अकरा-बारा मीटर लांबीची गाडी वळवायला जागा आहे का, हे बघितलं जातं. कितीतरी फेऱ्या याच जागेवर अडतात. पाराशेजारचा उकिरडा हलवून, मुरूम टाकून ती जागा आधीच करून ठेवावी. मुक्कामी गाडी मागायची तर चालक-वाहकांना झोपायला खोली आणि संडास-न्हाणीची सोय ग्रामपंचायत देईल, असं ठरावातच लिहून द्यावं. आणि हे सगळं मे महिन्यात, कारण जूनमध्ये शाळा उघडतात आणि पास निघू लागतात.